डीव्हीडीचें यंत्र घ्यावें काय?



घरांत एखादें नवें यंत्र आणावयाचें झालें तर त्यासाठीं कोणी इतिहासाचीं पानें चाळीत बसत नाहीं. दुकानांत जावें, किंमत विचारावी, घरांतील तरुण मंडळींचा सल्ला घ्यावा आणि मोकळें व्हावें, अशीच सर्वत्र रीत आहे. परंतु गेल्या दिवाळीपासून माझ्यापुढें जो एक लहानसा व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला आहे, त्याचें उत्तर मला दुकानदाराकडे मिळालें नाहीं. तें शोधतां शोधतां मी अंबाजोगाईच्या दासोपंतांपर्यंत मागें गेलों. प्रश्न असा कीं, संगणकास जोडून तबकडीवर मजकूर उतरवून घेणारें यंत्र, ज्यास बाजारांत डीव्हीडी रायटर म्हणतात, तें आजच्या दिवसांत विकत घ्यावें कीं न घ्यावें. आणि घेतलें तर त्याजबरोबर कोणतें सॉफ्टवेअर वापरावें.

कांहीं श्रोत्यांस हंसूं येईल. नव्या लॅपटॉपांना तबकडीची खांच आतां बहुधा नसते. गाणीं आणि चित्रपट तारेवांचून घरांत येतात. आणि आमचे गुरुजी या वेळीं डीव्हीडीच्या दुकानाकडे निघाले आहेत! हंसावयास माझी हरकत नाहीं. फक्त आधीं एक हकीकत ऐकून घ्यावी.

सन २००६ ते २००९ या काळांत मी व माझे कांहीं विद्यार्थी बीड जिल्ह्यांतील जुन्या घरांतून हस्तलिखित पोथ्या पहात हिंडत होतों. सुटीच्या दिवशीं एस. टी.नें गांव गांठावें, घरधन्याची परवानगी घ्यावी, देवघरांतील बासन सोडवून पोथी अंगणांतल्या उजेडांत पाटावर मांडावी, आणि एका मुलानें आपल्या मामाकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यानें एकेका पानाचें छायाचित्र घ्यावें, असा आमचा क्रम असे. पोथ्यांत अपूर्व असें फारसें नव्हतें. ज्ञानेश्वरी, भागवत, कांहीं पदें व आरत्या, एखादें वैद्यकाचें बाड. परंतु अक्षर मोत्यांसारखें, आणि समासांत घरच्याच माणसांनीं करून ठेवलेल्या नोंदी : कोणा मुलाचा जन्म, कोणत्या वर्षीं पाऊस पडला नाहीं, कोणत्या साथींत घरांतलीं किती माणसें गेलीं. अशा नोंदी दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत मिळावयाच्या नाहींत. हीं सर्व छायाचित्रें आम्हीं एका दुकानांतून डीव्हीडींवर उतरवून घेतलीं. अकरा तबकड्या झाल्या. प्रत्येकीच्या वेष्टनावर गांवाचें नांव घातलें, त्या कपाटांत ठेविल्या, आणि एक मोठें काम हातून पार पडलें अशा समाधानांत मीं कपाटास कुलूप लावलें.

गेल्या दिवाळींत शेजारच्या एका जुन्या संगणकावर त्या लावून पाहिल्या. आठ वाचल्या गेल्या. तीन वाचल्या गेल्या नाहींत. त्या तिहींपैकीं एकींत गेवराई तालुक्यांतील एका घरची भागवताची पोथी होती. पुन्हां छायाचित्रें घ्यावीं म्हणून मी त्या घरीं गेलों, तेव्हां घरधनी म्हणाले, “गुरुजी, पोथी आतां कुठली? पानें झडूं लागलीं होतीं, घरांत वाचणारा कोणी उरला नाहीं. तुमच्याकडे ती तबकडीवर आहेच, म्हणून राक्षसभुवनास नेऊन गंगेंत सोडली.”

जीर्ण पोथी नदीच्या स्वाधीन करणें हा आपल्याकडील जुना आचार आहे; त्या गृहस्थांचें कांहीं चुकलें नाहीं. चुकलें माझें. तबकडी म्हणजे काय, ती किती दिवस टिकते आणि तिची देखभाल कोणी करावयाची, याचा विचार न करितां मीं त्यांना भरंवसा दिला होता.

असो. आमच्या जिल्ह्यास हा प्रश्न नवा नाहीं. ज्यांची समाधि अंबाजोगाईस आहे त्या मुकुंदराजांचा विवेकसिंधु शके १११० मध्यें, म्हणजे इ. स. ११८८ सालीं, रचला गेला असें परंपरा सांगते. पण त्यांच्या हातची प्रत उरलेली नाहीं. जें उरलें आहे तें नकलांच्या नकला. त्यामुळें या कालनिर्णयाविषयीं विद्वानांत आजतागायत एकवाक्यता झालेली नाहीं. मूळ प्रत नाहींशी झाली म्हणजे पुढच्या पिढ्यांना वाद घालण्यास केवढें रान मोकळें सांपडतें, याचें हें घरचेंच उदाहरण होय.

त्याच गांवांत चारशें वर्षांनंतर दासोपंत झाले. त्यांचा जन्म १५५१ सालचा, निर्याण १६१५ सालचें. गीतेवरील त्यांचा गीतार्णव हा ग्रंथ सव्वा लक्ष ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. ते रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवीत असें लोक सांगतात. गोष्ट अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं, पण ग्रंथाचा विस्तार पाहिला म्हणजे ती कां निघाली असावी हें ध्यानांत येतें. या दासोपंतांनीं पंचीकरण हा वेदान्ताचा विषय सुमारें सोळाशें ओव्यांत घालून एका पासोडीवर लिहिला. ही पासोडी सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद आहे. कागद उपलब्ध नव्हता म्हणून त्यांनीं कापड घेतलें असें म्हणतां येणार नाहीं. आमच्या या भागांत दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचा हातकागद जुन्या काळापासून होत आला आहे, आणि त्यांचे इतर ग्रंथ कागदावरच लिहिले गेले. माझी समजूत अशी कीं, सगळा विषय एका दृष्टिक्षेपांत भिंतीवर पसरून दाखवितां यावा, हा त्यांचा हेतु असावा. म्हणजे साधन निवडतांना दासोपंतांनीं ‘हें कोण वाचणार व कसें वाचणार’ असें आधीं विचारलें. मीं २००६ सालीं तें विचारलें नव्हतें.

ती पासोडी चारशें वर्षें राहिली याचें श्रेय जाड सुताला थोडें, आणि अंबाजोगाईच्या लोकांना अधिक आहे. कापडास कसर लागते, घडीवर तें विरतें, पाण्यानें शाई पसरते. तरी तें राहिलें, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी तें सांभाळीत आलें.

पोथ्यांच्या नकलेचें शास्त्र जुन्या लोकांनीं बरेंच पुढें नेलें होतें, आणि तें आपण समजतों तितकें भाबडें नव्हतें. बोरूनें, काजळ व डिंक यांच्या शाईनें लेखक नक्कल करी. शेवटीं तो लिहून ठेवी कीं, जसें पाहिलें तसें उतरविलें, चूक असल्यास मला दोष देऊं नये. आणि या पोथीला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपावें. त्याचबरोबर पुष्कळ पोथ्यांच्या अखेरीस ग्रंथसंख्या दिलेली असते. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून सबंध पोथीचें माप मोजलेलें असे. नक्कल करणाऱ्यानें मध्येंच दोन पानें गाळलीं असतील तर या मोजणींत तें उघडकीस यावें. आजच्या सॉफ्टवेअरमध्यें तबकडी लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ म्हणून एक क्रिया असते. तिच्यांत यंत्र लिहिलेलें सर्व पुन्हां वाचून मूळाशीं ताडून पहातें. हेतु तोच. खेदाची गोष्ट ही कीं, त्या क्रियेस जो वेळ लागतो तो वांचविण्यासाठीं दुकानदार ती सहसा करीत नाहीं, आणि गिऱ्हाईकास ती मागावी हें ठाऊक नसतें. मलाही ठाऊक नव्हतें.

आमच्या सरहद्दीपलीकडील पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तीनशें वर्षांत नकलाकारांच्या हातून पाठ इतके बिघडले होते कीं, निरनिराळ्या प्रती ताडून त्या दुरुस्त करणें त्यांस अवश्य वाटलें. नाथांसारख्या पुरुषानें स्वतःची रचना बाजूस ठेवून हें काम हातीं घ्यावें, यावरून त्याची योग्यता कळते.

आणि मग राजवाडे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांस विसाव्या शतकाच्या आरंभीं आमच्या बीड येथें ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. ही पोथी एकनाथांच्या शुद्धीकरणाच्या पूर्वींची आहे असें त्यांचें मत पडलें. १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली व तिच्या आधारें ज्ञानेश्वरींतील मराठी भाषेचें व्याकरणही लिहिलें. तिच्या प्राचीनत्वावर पुष्कळांनीं आक्षेप घेतले. आक्षेपांचा निकाल लावावयाचा तर मूळ पोथी पहावयास हवी. पण ती पुढें नाहींशी झाली. राजवाड्यांनींच ती संतापाच्या भरांत नष्ट केली अशी आख्यायिका आहे. खरें काय घडलें असेल तें असो, आज आपल्या हातीं छापील प्रत तेवढी आहे. ती शेंकडों घरांत व ग्रंथालयांत पसरली म्हणून बीडची पोथी आपणांस निदान नकलेच्या रूपानें ठाऊक आहे. तिचें एकच छायाचित्र काढून तें एकाच कपाटांत ठेविलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार करितांना माझें लक्ष पुन्हां पुन्हां माझ्या कपाटाकडे जातें.

आतां तबकडीकडे वळूं. हॉलंडांतील फिलिप्स व जपानांतील सोनी या कंपन्यांनीं मिळून काढलेली सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. ती कारखान्यांत ठशानें उठविलेली असे; घरीं लिहितां येत नसे. घरीं लिहितां येणारी सीडी १९९० च्या सुमारास निघाली, आणि तिची युक्ति मोठी मनोरंजक आहे. प्लॅस्टिकच्या चकतीवर एका रंगद्रव्याचा पातळ थर देतात व त्यामागें धातूचा चकचकीत मुलामा चढवितात. यंत्रांतील लेसरचा किरण त्या रंगाला ठिकठिकाणीं तापवितो. तापलेली जागा पुढें प्रकाश कमी परत करिते. याच काळ्या-उजळ ठिपक्यांची ओळ म्हणजे लेखन. म्हणून त्यास इंग्रजींत जाळणें म्हणतात. तेव्हां श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, आपल्या घरची तबकडी म्हणजे दगडावरचा कोरीव लेख नव्हे; ती रंगानें केलेली लिखावट आहे, आणि रंग उन्हानें व उष्ण्यानें विटतो. बीडचा वैशाख ज्यांनीं सोसला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. माझें कपाट पश्चिमेच्या भिंतीस लागून होतें.

डीव्हीडी जपानांत १९९६ सालीं आली. आकार तोच, बारा सेंटिमीटरचा. पण ती अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् जाड अशा दोन चकत्या एकमेकींस चिकटवून केलेली असते, आणि तिच्यावरील ओळी सीडीवरच्या ओळींहून दुपटीपेक्षां अधिक दाट असतात. त्यामुळें सीडीवर जेथें सातशें मेगाबाइट मावतात तेथें डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मावतात. (संगणक हा आंकडा ४.३ च्या वर थोडा दाखवितो. मोजण्याच्या दोन पद्धतींतील तो फरक आहे, दुकानदारानें फसविलें असें समजूं नये.) या मापाचा अर्थ माझ्यासारख्यास असा लागला : देवनागरीच्या एका चिन्हास आजच्या पद्धतीनें तीन बाइट लागतात. त्या हिशेबानें दासोपंतांचा सव्वा लक्ष ओव्यांचा गीतार्णव टाइप करून ठेविला तर तो एका डीव्हीडींत शंभराहून अधिक वेळां मावेल. मात्र पोथीच्या पानांचीं छायाचित्रें घेतलीं तर चांगल्या प्रतीचीं दीड हजारांच्या आसपासच मावतील. छायाचित्र जागा फार खातें. पण समासांतील नोंद, खाडाखोड आणि लेखकाचा हात छायाचित्रांतच उरतो.

१९९७ सालीं पायोनियर कंपनीनें डीव्हीडी लिहिण्याचें पहिलें यंत्र विक्रीस काढलें, तेव्हां त्याची किंमत सुमारें सतरा हजार डॉलर होती. पांच-सात वर्षांत तेंच काम करणारें यंत्र मध्यमवर्गीयांच्या टेबलावर आलें. मध्यंतरीं एक भांडणही झालें. एका पक्षाची तबकडी ‘वजा आर’ म्हणजे डीव्हीडी-आर; २००२ सालीं दुसऱ्या पक्षाची ‘अधिक आर’ आली. दोन्ही दिसावयास एकच, मोजमापहि जवळजवळ एकच. पण एका पंथाच्या यंत्रांत दुसऱ्या पंथाची तबकडी चालेना. शेवटीं दोन्हीही लिहिणारीं यंत्रें निघालीं आणि भांडण मिटलें. आज मिळणारें कोणतेंही यंत्र दोन्ही लिहितें, तेव्हां त्याविषयीं काळजी नको. पुन्हां पुन्हां पुसून लिहितां येणाऱ्या तबकड्या मात्र जपून ठेवावयाच्या मजकुरासाठीं घेऊं नयेत. पाटीवर कोणी मृत्युपत्र लिहीत नाहीं.

या धंद्यांत आपला देशही मागें नव्हता. १९८३ सालीं स्थापन झालेली मोझर बेअर ही भारतीय कंपनी १९९९ पासून लिहितां येणाऱ्या तबकड्या करूं लागली व जगांतील मोठ्या उत्पादकांत गणली गेली. २००७ मध्यें तिनें चित्रपटांच्या व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकावयास काढल्या, तेव्हां बीडच्या बाजारांतहि त्यांचे ढीग लागलेले मीं पाहिले आहेत. २०१८ सालीं ती कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला. अमेरिकेंत मिलेनियाटा नांवाच्या कंपनीनें रंगाऐवजीं दगडासारख्या निरिंद्रिय थरावर लिहिणारी, हजार वर्षें टिकेल अशी ग्वाही दिलेली तबकडी काढली. कंपनीचें दिवाळें २०१६ सालीं निघालें. तबकडी कदाचित् हजार वर्षें टिकेलही. सोनीनें लिहितां येणाऱ्या ब्लू-रे तबकड्या करणें २०२५ च्या फेब्रुवारींत थांबविलें. सारांश, ही विद्या ओसरतीस लागली आहे. यंत्र अजून मिळतें. संगणकास बाहेरून जोडावयाचें, दोन-तीन हजार रुपयांच्या घरांतलें. दहा वर्षांनीं मिळेल कीं नाहीं याचा भरंवसा मी देऊं शकत नाहीं, आणि भरंवसा देण्याच्या बाबतींत मी आतां सावध झालों आहें.

सॉफ्टवेअरचा प्रश्न पुष्कळांना सर्वांत कठीण वाटतो. मला तो त्यामानानें सोपा वाटला. जर्मनींतील एका कंपनीचें नीरो बर्निंग रॉम हें नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस निघालेलें सॉफ्टवेअर एके काळीं घरोघर होतें. रोम जळत असतां सारंगी वाजविणाऱ्या बादशहाच्या नांवावर केलेला तो शब्दविनोद आहे. यंत्राबरोबर तें पुष्कळदां फुकट मिळे. आज साध्या कामासाठीं पैसे खर्चण्याचें कारण नाहीं. विंडोजमध्यें २००७ च्या व्हिस्टापासून डीव्हीडी लिहिण्याची सोय अंगचीच आहे. तबकडी घातली म्हणजे संगणक विचारतो : पेन ड्राइव्हसारखी वापरावयाची, कीं सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठीं लिहावयाची? ठेवणीच्या तबकडीस दुसरा पर्याय घ्यावा. पहिल्यानें लिहिलेली तबकडी जुन्या व इतर जातींच्या संगणकांवर अडण्याचा संभव असतो. ज्यांना पडताळणी हवी — आणि ती हवीच — त्यांनीं इमगबर्न हें फुकट सॉफ्टवेअर घ्यावें. त्याची अखेरची आवृत्ति २०१३ ची असली तरी तें काम चोख करितें, लिहून झाल्यावर आपणहून ताडून पहातें. तें त्याच्या कर्त्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच उतरवून घ्यावें. इतरत्र त्याजबरोबर नको तीं बांडगुळें घरांत शिरतात. लिनक्स वापरणाऱ्यांस केथ्रीबी आहे. वेग आठपटीच्या वर नेऊं नये. सोळापटीनें पांच-सहा मिनिटांत होणारें काम आठपटीनें दहा मिनिटांत होईल, आणि आपल्याला गाडी गांठावयाची नसते. पूर्वीं लिहितां लिहितां संगणकाकडून मजकूर वेळेवर न पोंचल्यास तबकडी फुकट जात असे. २००० सालीं जपानच्या सान्यो कंपनीनें त्यावर तोड काढली, म्हणून ती भीति आतां उरली नाहीं.

टी.व्ही.वर लग्नाची फिल्म दाखवावयाची असेल तर ती तबकडी निराळ्या रीतीनें बांधावी लागते व तिच्यासाठीं सॉफ्टवेअरही निराळें लागतें. आपला हेतु जपणुकीचा असेल तर साधी, फाइलींची तबकडीच करावी.

येथें एका धोक्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेविले. पोथ्या शाबूत राहिल्या. पण विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे आदि संशोधकांनीं किल्ली लावीपर्यंत पंथाबाहेरील अभ्यासकांस त्या मुक्या होत्या. आपणही नकळत अशीच सकळ लिपी निर्माण करितों. कांहीं सॉफ्टवेअरें मजकूर स्वतःच्या गुप्त बांधणींत कोंबून लिहितात. तें सॉफ्टवेअर गेलें कीं तबकडी मुकी. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वीं जे मराठी लेख निरनिराळ्या फाँटांत टाइप झाले, त्यांची तीच गत : फाइल उघडते, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व खुणांचा चिवडा दिसतो. म्हणून छायाचित्रें सर्वत्र चालणाऱ्या जेपेग जातीचीं, मजकूर युनिकोडमध्यें, आणि कोणतीही गुप्त बांधणी नको. आणखी एक बारकावा. तबकडीची मूळची जुनी मांडणी फाइलीचें नांव इंग्रजी अक्षरांत, तेंही आंखूड, एवढेंच जाणते; मराठी नांवें टिकावयाचीं तर सॉफ्टवेअरमध्यें जोलिएट किंवा यूडीएफ ही मांडणी निवडावी लागते. माझ्या आठ वाचतां येणाऱ्या तबकड्यांपैकीं दोहोंवर गांवांचीं मराठी नांवें जाऊन तेथें अधोरेषांची रांग उमटली आहे. कोणतें पान कोणत्या घरचें, हें आतां मला हस्ताक्षरावरून ओळखावें लागणार.

मग यंत्र घ्यावें कीं नाहीं? माझ्या मित्रमंडळींचें मत पडलें कीं, हार्ड डिस्क घ्यावी, इंटरनेटवर ठेवावें, आणि तबकडीचा नाद सोडावा. त्यांत तथ्य आहे. नवें साहित्य जपण्यासाठीं तबकडी हें आज पहिलें साधन नव्हे. हार्ड डिस्क स्वस्त आहे, तिच्यांत शेंकडों डीव्हीडींचा मजकूर मावतो. परंतु ती एका धक्क्यानें जाते, आणि इंटरनेटवरील ठेव ज्याच्या हातीं परवलीचा शब्द त्याचीच. तो गेला कीं मुलांना त्या दाराची किल्ली नाहीं. तबकडीचा एक गुण मला नाकारतां येत नाहीं : एकदां लिहिली कीं चुकून पुसली जात नाहीं, व संगणकास लागलेल्या रोगाची बाधा तिच्यावरील मजकुरास होत नाहीं. तेव्हां दुय्यम प्रत म्हणून ती असावी. ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या मुळींच नाहींत त्यांनीं मात्र आज केवळ नव्या प्रती लिहिण्यासाठीं हें यंत्र घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. त्याच पैशांत दोन हार्ड डिस्कांपैकीं एकीची तरी बरीचशी किंमत निघेल, आणि दुसरी भावाच्या घरीं ठेवावी.

पण ज्या घरांत अशा तबकड्यांचा डबा आहे — आणि मध्यमवर्गीय घरांत तो बहुधा आहेच, कोणाच्या मुंजीचा, कोणाच्या आजीच्या आवाजाचा — त्यांनीं तें अवश्य घ्यावें, आणि लौकर घ्यावें. लिहिण्यासाठीं नव्हे, वाचण्यासाठीं. लिहिणारें यंत्र वाचतेंही. मी याच कारणासाठीं तें घेणार आहें. आठ तबकड्या प्रथम हार्ड डिस्कवर उतरवीन, त्यांची दुसरी प्रत अंबाजोगाईस एका जुन्या विद्यार्थ्याकडे राहील, आणि ज्या ज्या घरच्या पोथ्या आहेत त्या त्या घरास त्याची त्याची प्रत पोंचती करीन. ही गोष्ट २००६ सालींच करावयास हवी होती. ज्या घरांत पोथी अजून शाबूत आहे तेथें हात जोडून सांगणार आहें कीं, माझ्याकडे प्रत आहे म्हणून पोथी नदीवर नेऊं नका.

राहिल्या त्या तीन. एका यंत्रानें जी तबकडी वाचली नाहीं ती दुसरें यंत्र कधीं कधीं वाचतें, असा अनुभव जाणकार सांगतात. डीडीरेस्क्यू नांवाचें एक फुकट सॉफ्टवेअर आहे. तें खराब जागा बाजूस ठेवून आधीं चांगला भाग उचलतें, मग उरलेल्याकडे पुन्हां पुन्हां वळतें. सगळें नाहीं, तरी कांहीं पानें परत मिळावीं. तबकडी आंतून बाहेर लिहिली जाते, आणि खराबी पुष्कळदां बाहेरच्या कडेकडून सुरू होते.

गेवराईच्या त्या गृहस्थांस मीं तसें कळविलें. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, समासांतील त्यांच्या आजोबांच्या जन्माची नोंद त्यांत येईल काय. ती नोंद सातव्या पानावर होती असें मला आठवतें, आणि छायाचित्रें आम्हीं पहिल्या पानापासून क्रमानें घेतलीं होतीं.